शब्दांचे सेवक सर जेम्स मरे

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या चाळल्या असतां एक गोष्ट सर्वत्र सारखीच दिसून येते. पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढलेली असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. 'टेक' म्हणजे घेणें, 'सेट' म्हणजे ठेवणें, 'रन' म्हणजे धांवणें. एका शब्दास एक अर्थ देऊन टाकला कीं विद्यार्थी निश्चिंत होतो. पुढें वाचनांत कोणी आपली टोपी 'टेक ऑफ' करतो, तेथें ती काढली जाते. विमान 'टेक ऑफ' करतें, तेथें तें आकाशांत चढतें. भोळ्या मनुष्याला कोणी 'टेक इन' करतो, तेथें तो फसतो. मुलगा बापाला 'टेक आफ्टर' करतो, तेथें तो बापाच्या वळणावर गेलेला असतो. आणि सभा 'टेक प्लेस' करते, तेथें कोणी कांहींच घेत नाहीं, सभा नुसती भरते. मग विद्यार्थी गोंधळतो, आणि इंग्रजी भाषाच लहरी आहे असा तिच्यावर आरोप ठेवून मोकळा होतो.

पण शब्दाला अर्थ देतो तरी कोण? राजा देतो काय? पंडितांची सभा देते काय? कीं कोशकार आपल्या खोलींत बसून तो ठरवितो? ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्यक्ष कृतीनें देण्यांत ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं छत्तीस वर्षें वेंचलीं, अशा एका शिक्षकाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. जगप्रसिद्ध ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे संपादक सर जेम्स मरे हे ते गृहस्थ होत.

जेम्स मरे यांचा जन्म ता. ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं दक्षिण स्कॉटलंडांतील डेनहोम नांवाच्या खेड्यांत झाला. हॉइक हें लहानसें शहर तेथून जवळच आहे. वडील शिंप्याचा धंदा करीत. घरांत श्रीमंती नव्हती, परंतु ईशभक्ति, कष्टाळूपणा व वाचनाची आवड हीं होतीं. मुलाची बुद्धि विलक्षण होती. झाडें, दगड, तारे, जुने अवशेष, परक्या भाषांचीं अक्षरें, जें दिसेल तें जाणून घेण्याचा त्याला ध्यास असे. गुरें राखण्याचें काम त्याच्याकडे आलें, तेव्हां लॅटिन नांवांनीं हाका मारून गाईंना त्या ओळखावयास शिकविण्याचा त्यानें प्रयत्न केला, अशी एक गमतीची आठवण सांगतात. गाई लॅटिन शिकल्या किंवा नाहीं हें असो. मुलगा मात्र शिकत राहिला. चौदा वर्षांचा झाल्यावर पैशाच्या अभावीं त्याची शाळा सुटली. त्यापुढील त्याचें बहुतेक शिक्षण त्याचें त्यानेंच केलें.

सतराव्या वर्षीं मरे हॉइक येथील शाळेंत सहाय्यक शिक्षक झाले व विसाव्या वर्षीं त्याच गांवच्या दुसऱ्या एका शाळेचे मुख्याध्यापक झाले. शाळा सुटल्यावर ते आसपासच्या खेड्यांतून हिंडत व धनगर, शेतकरी, विणकर यांच्या तोंडची बोली कान देऊन ऐकत. सुशिक्षित लोक ह्या बोलीला गांवढळ म्हणून हिणवीत. मरे यांना मात्र तींत जुन्या इंग्रजीचे कितीतरी अवशेष जिवंत सांपडले. दक्षिण स्कॉटलंडच्या ह्या बोलीवर त्यांनीं पुढें इ. स. १८७३ त एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि विद्वानांत त्यांचें नांव झालें. गरिबाच्या तोंडचा शब्दही आदरानें ऐकावा, ही संवय त्यांना ह्या वयांत लागली; पुढील सर्व कार्याचा पाया तीच होय, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८६२ त त्यांचा मॅगी स्कॉट नांवाच्या संगीतशिक्षिकेशीं विवाह झाला. त्यांना एक कन्या झाली, पण ती तान्हेपणींच वारली. पत्नीलाही क्षयानें गांठलें. दक्षिणेकडील उबदार हवेंत जाण्याचा सल्ला डॉक्टरांनीं दिला. पण शिक्षकाच्या पगारांत परदेशचा प्रवास कोठून व्हावा? निदान स्कॉटलंडची थंडी तरी टळावी म्हणून, आवडीची शाळा सोडून, मरे इ. स. १८६४ त लंडनला आले व चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना हिच्या कचेरींत कारकून झाले. ह्याच बँकेची एक शाखा आमच्या मुंबईंत इ. स. १८५८ पासून होती. आंकडेमोडींत दिवस जात. भाषांचा अभ्यास रात्रीं उरलेल्या वेळांत होई. इतकें करूनही दुसऱ्याच वर्षीं पत्नी वारली. ब्रिटिश म्युझियममध्यें जागा मिळावी म्हणून त्यांनीं अर्ज केला. अनेक भाषांशीं त्यांचा परिचय होता, तरीही तो अर्ज नामंजूर झाला. तिशीच्या आंत पत्नी, मूल व मनाजोगें काम हीं तिन्ही गमावून बसलेल्या ह्या तरुणाकडे पाहून, पुढें ह्याच्या हातून एवढें प्रचंड कार्य होईल, असें कोणाला वाटलें असतें?

इ. स. १८६७ त त्यांनीं एडा रथव्हन या सुशील स्त्रीशीं दुसरा विवाह केला. त्या विवाहांत वराचे पाठराखे म्हणून जे तरुण मित्र उभे होते, ते पुढें टेलिफोनचे जनक म्हणून प्रसिद्धीस आलेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल होत. विजेचे पहिले धडे बेल यांना मरे यांनींच दिले होते. इ. स. १८७० त मरे यांना लंडनजवळील मिल हिल शाळेंत शिक्षकाची जागा मिळाली व ते पुन्हां आपल्या आवडत्या धंद्यांत आले. इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरील ख्रिस्ती मंडळ्यांच्या मुलांसाठीं ही शाळा इ. स. १८०७ त स्थापन झाली होती. मरे स्वतः अशाच एका मंडळीचे होते. तेथील दिवस आपल्या आयुष्यांतील फार सुखाचे होते, असें ते मानीत.

आतां ज्या कामासाठीं ईश्वर त्यांना तयार करीत होता, त्या कामाकडे वळूं. इंग्रजीचा प्रसिद्ध कोश डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीं इ. स. १७५५ त केला होता. त्यांत सुमारें ४२ हजार शब्द होते. पुढील शंभर वर्षांत इतरही कोश झाले, परंतु ते अपुरे होते. इ. स. १८५७ त लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढें डीन ट्रेंच या विद्वान धर्माधिकाऱ्यांनीं ह्या कोशांतील उणिवांवर दोन निबंध वाचले. त्यांचा मथितार्थ असा होता कीं, कोशकार हा भाषेचा न्यायाधीश नसून तिचा इतिहासकार आहे. अमुक शब्द चांगला व अमुक वाईट, असा निवाडा त्यानें देऊं नये. जो जो शब्द लोकांनीं वापरला, तो केव्हां जन्मला, कसकसा वापरला गेला व केव्हां लोपला, हें त्यानें पुराव्यानिशीं सांगावें.

येथें आमच्या मराठी वाचकांना एका योगायोगाचें कौतुक वाटेल. त्याच १८५७ सालीं मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति मुंबईंत निघाली. तींत सुमारें ६० हजार शब्द आहेत. पंडितांचे संस्कृत शब्द तर तींत आहेतच, पण कोंकणांतील व देशावरील बोलींचे, शेतकऱ्याचे, कारागिराचे, एवढेंच नव्हे तर ग्राम्य म्हणून टाकलेले शब्दही तींत आदरानें नोंदले आहेत. इंग्लंडांत जें करावें असें म्हटलें जात होतें, त्याची वाट कांहीं अंशीं आमच्या भाषेंत आधींच चालली गेली होती.

सोसायटीनें काम हातीं घेतलें. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज हे इ. स. १८६१ त अवघ्या तिसाव्या वर्षीं वारले. दुसरे संपादक फर्निव्हल हे अत्यंत उत्साही होते, पण एका कामाला चिकटून बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. वीस वर्षें गेलीं, चिठ्ठ्यांचे ढीग सांचले, कोश मात्र झाला नाहीं. शेवटीं ऑक्सफर्ड विश्वविद्यालयाच्या मुद्रणालयानें कोश छापण्याचें कबूल केलें व ता. १ मार्च १८७९ रोजीं मरे यांच्याशीं करार झाला. दहा वर्षांत सुमारें ६४०० पृष्ठांचा कोश पुरा करावा व सर्व खर्चासाठीं नऊ हजार पौंड घ्यावे, असें ठरलें. मदतनिसांचे पगारही ह्याच रकमेंतून भागवावयाचे होते.

फर्निव्हल यांच्या घरून जवळ जवळ दोन टन वजनाच्या चिठ्ठ्या पोत्यांत व पेटाऱ्यांत भरून मरे यांच्या दारीं आल्या. एका पोत्यांत मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यांत उंदराच्या मादीनें पिलें घातलेलीं आढळलीं. 'एच' ह्या अक्षराचा सारा संग्रह इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं जाऊन पडला होता. 'पी' ह्या अक्षराचा एक भाग आयर्लंडांतील एका तबेल्यांत सांपडला. त्यांतील पुष्कळशा चिठ्ठ्या विस्तव पेटविण्याच्या कामीं आल्या होत्या. मरे यांनीं शाळेच्या आवारांत लोखंडी पत्र्याची एक खोली बांधली, भिंतीला हजारावर लहान लहान खण ठोकले, आणि खोलीला 'स्क्रिप्टोरियम' असें भारदस्त नांव दिलें. मठांतील साधु ज्या खोलींत बसून ग्रंथांच्या नकला करीत, तिला पूर्वीं हें नांव असे. दिवसा शाळा व उरलेल्या वेळीं कोश, अशीं त्यांचीं कित्येक वर्षें गेलीं.

कोशाची रीत मोठी साधी, पण अतोनात श्रमाची होती. मरे यांनीं इंग्रजी वाचणाऱ्या सर्व लोकांना एक विनंतिपत्रक छापून पाठविलें. प्रत्येकानें एकेक पुस्तक घ्यावें. वाचतांना एखादा शब्द लक्ष वेधून घेईल, तो अर्ध्या ताव कागदावर डाव्या कोंपऱ्यांत लिहावा. खालीं पुस्तकाचें नांव, साल व पान देऊन तें संपूर्ण वाक्य उतरून घ्यावें. अशा चिठ्ठ्या इंग्लंडांतून, अमेरिकेंतून व जगाच्या इतर भागांतून येऊं लागल्या. मग प्रत्येक शब्दाच्या चिठ्ठ्या सालवार लावावयाच्या, त्या वाचून त्याचे अर्थ वेगळे करावयाचे, कोणत्या अर्थांतून कोणता अर्थ फुटला हें पाहावयाचें, आणि शेवटीं व्याख्या लिहावयाची. आधीं वापर, मग व्याख्या. हा क्रम त्यांनीं कधींही उलटा होऊं दिला नाहीं.

ह्या कामांत लौकरच एक मोठी अडचण उभी राहिली. वाचणारे लोक चमत्कारिक व दुर्मिळ शब्द हौसेनें टिपून पाठवीत. पण नेहमींचे शब्द कोणाच्या डोळ्यांतच भरत नसत. 'अब्यूजन' ह्या जवळ जवळ मृत शब्दाच्या सुमारें पन्नास चिठ्ठ्या आल्या, पण 'अब्यूज' ह्या रोजच्या शब्दाच्या पांचही नव्हत्या. जो शब्द सर्व तोंडांत, त्याचीच साक्ष कोणी देईना! मग संपादकांना व त्यांच्या मदतनिसांना अशा शब्दांचे दाखले स्वतः शोधीत बसावें लागे. आणि दाखले मिळाल्यावर खरी कसोटी पुढेंच असे. लांबलचक पारिभाषिक शब्दाचा अर्थ दोन ओळींत आटोपतो. पण 'डू', 'गो', 'टेक', 'ऑफ', 'टु' अशा इवल्याशा शब्दांपुढें मोठमोठे विद्वान थकून जात. त्याच कोशाच्या इ. स. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत 'सेट' ह्या एका क्रियापदाचे सुमारें ४३० अर्थ दिलेले आहेत, आणि इ. स. २०११ च्या सुमारास 'रन' ह्या क्रियापदाची नवी नोंद तयार झाली, तेव्हां त्याच्या अर्थांची संख्या ६४५ भरली.

हें ऐकून इंग्रजीला हंसण्याचें कारण नाहीं. आपल्याच भाषेंतील 'लागणें' हें क्रियापद घ्या. भूक लागते, ठेंच लागते, आग लागते, दार लागतें, डोळा लागतो, पाऊस लागतो, वेळ लागतो, बोटींत बसलें कीं बोट लागते, आणि अमुक गृहस्थ नात्यानें आपले मामा लागतात. ह्यांतील कोणता अर्थ खरा व कोणते खोटे? सारेच खरे. पांच वर्षांचें मूल हे सर्व प्रयोग बिनचूक करतें, आणि त्यांतील एकही त्यानें कोशांतून पाठ केलेला नसतो. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो; मनुष्याचा स्वभाव जसा त्याच्या संगतीवरून कळावा, तसाच.

शब्दांचे अर्थ काळाप्रमाणें कसे पालटतात, हेंही मरे यांच्या रीतीनें स्पष्ट झालें. 'नाइस' म्हणजे आज छान. पण पूर्वीं तो शब्द मूर्खाला लावीत. 'सिली' म्हणजे आज वेडगळ. पण मुळांत त्याचा अर्थ धन्य, सुखी असा होता. इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलांत हे फरक पदोपदीं आढळतात. त्यांत 'मीट' म्हणजे केवळ मांस नव्हे, तर कोणतेंही अन्न. 'क्विक' म्हणजे जलद नव्हे, तर जिवंत. 'प्रिव्हेंट' म्हणजे अडविणें नव्हे, तर पुढें जाणें. आणि 'लेट' हा शब्द, जो आज मोकळीक देण्याच्या अर्थीं येतो, तो तेथें कांहीं ठिकाणीं अगदीं उलट, म्हणजे अडथळा करणें ह्या अर्थीं आला आहे. हें न जाणतां शास्त्र वाचणारा मनुष्य भलताच अर्थ घेऊन बसेल. म्हणून शब्दांचा इतिहास हा निव्वळ पंडितांचा विरंगुळा आहे, असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

इ. स. १८८३ त, पहिला भाग छापावयाच्या सुमारास, मरे यांच्यावर कसोटीचा प्रसंग आला. विश्वविद्यालयाच्या चालकांनीं त्यांना सूचना पाठविल्या. दाखले नामांकित ग्रंथकारांचे असावे, वर्तमानपत्रांतील वाक्यें शक्य तों टाळावीं, असा त्यांचा रोख होता. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख जोएट हे त्या वेळीं व्हाइस-चॅन्सेलर होते. त्यांनीं तर मरे यांच्या प्रस्तावनेवरही आपली लेखणी चालविली. मरे यांची स्थिति काय होती? ते एका शिंप्याचे मुलगे, शाळेचे शिक्षक, मोठा संसार पाठीशीं, आणि पैसा देणारे हेच लोक. पण त्यांचें म्हणणें असें कीं, आजची चालती भाषा वर्तमानपत्रांत दिसते. ती वगळली तर कोश अर्धवट व खोटा होईल. त्यांनीं राजीनामा देण्याची तयारी दाखविली. मित्रांनीं मध्यस्थी केली, चालकांनीं हट्ट सोडला, आणि कोशांत कवींच्या शेजारीं वर्तमानपत्राला जागा मिळाली. विशेष हें कीं, ह्याच जोएट यांच्याशीं पुढें त्यांचा स्नेह जडला, आणि मरे यांनीं आपल्या एका मुलाच्या नांवांत त्यांचें नांव गोंविलें. तत्त्वासाठीं भांडावें, पण मनांत आढी धरूं नये, हें येथें शिकण्यासारखें आहे.

इ. स. १८८४ त पहिला भाग निघाला. ३५२ पृष्ठें झालीं आणि मजल 'ए' पासून 'अँट' पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत, आली होती! दहांपैकीं पांच वर्षें संपलीं होतीं. शाळा व कोश हीं दोन्ही कामें आतां एकत्र चालणें शक्य नव्हतें. इ. स. १८८५ त मरे यांनीं शाळा सोडली व ऑक्सफर्डला बिऱ्हाड केलें. तेथेंही मागील बागेंत पत्र्याचें स्क्रिप्टोरियम उभें राहिलें. शेजाऱ्यांच्या दृष्टीस अडचण होऊं नये म्हणून त्याची जमीन खोल खणावी लागली, त्यामुळें आंत दमटपणा व थंडी फार. हिंवाळ्यांत मरे जाड डगला घालून व पाय एका खोक्यांत ठेवून लिहीत बसत. पत्रें इतकीं जात-येत कीं, टपाल खात्यानें त्यांच्या दारासमोरच पत्रांची पेटी बसविली. त्यांना अकरा मुलें होतीं. वाचावयास आलें कीं प्रत्येक मुलाला चिठ्ठ्या लावण्याचें काम मिळे, व त्यांचा हातखर्च त्यावरच निघे. त्यांपैकीं वडील मुलगा हॅरल्ड यानें पुढें, इ. स. १९१३ त, बुद्धिबळाचा मोठा इतिहास लिहिला व ह्या खेळाचें मूळ हिंदुस्थानांत आहे, असें साधार दाखविलें.

ह्या कामीं सुमारें दोन हजार लोकांनीं फुकट मदत केली. त्यांपैकीं दोघांची नांवें आम्ही सांगतों. एक डॉ. फिट्झएडवर्ड हॉल. हे अमेरिकन गृहस्थ काशीच्या संस्कृत कॉलेजांत अध्यापक होते. पुढें ते इंग्लंडांतील एका खेड्यांत एकांतवासांत राहिले, आणि इ. स. १९०१ त मरण येईपर्यंत अनेक वर्षें कोशाचीं मुद्रितें तपासण्यांत रोज कित्येक तास घालवीत राहिले. दुसरे डॉ. विल्यम मायनर. हे अमेरिकन सैन्यांतील शस्त्रवैद्य; वेडाच्या भरांत त्यांनीं इ. स. १८७२ त लंडनमध्यें एका निरपराध कामगाराचा प्राण घेतला व त्यांना ब्रॉडमूर येथील वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. तेथील खोलींत बसून त्यांनीं वर्षानुवर्षें जुनीं पुस्तकें वाचून हजारों चिठ्ठ्या पाठविल्या. मरे त्यांना भेटावयास जात, त्यांच्याशीं मित्राप्रमाणें वागत, आणि म्हातारपणीं त्यांना मायदेशीं जातां यावें म्हणून त्यांनीं खटपट केली, ती इ. स. १९१० त सफळ झाली. जगानें ज्याला टाकून दिलें, त्याच्याही हातून उपयोगी सेवा घडूं शकते, हें मरे यांनीं ओळखलें होतें.

चुकाही झाल्या. 'बाँडमेड', म्हणजे दासी, हा साधा व शास्त्रांत आलेला शब्द चिठ्ठी गहाळ झाल्यामुळें पहिल्या खंडांतून गळला, तो इ. स. १९३३ च्या पुरवणींत आला. 'अपेंडिसायटिस' हा त्या वेळीं अगदीं नवा असलेला शब्द एका वैद्यकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून वगळण्यांत आला होता, इ. स. १९०२ त त्याच दुखण्यामुळें सातव्या एडवर्ड बादशहांचा राज्यारोहणसमारंभ पुढें ढकलावा लागला, तेव्हां तो शब्द सर्वांच्या तोंडीं झाला आणि कोशांत मात्र सांपडेना! पंडिताचा निवाडा एकीकडे राहिला व लोकांनीं शब्द स्वीकारला. मरे यांच्या तत्त्वाला ह्याहून चांगला पुरावा कोणता हवा?

दहा वर्षांचे वीस झाले, विसांचे तीस झाले. चालक खर्चाबद्दल कुरकुर करीत, कोश आखडता घ्या म्हणत, इ. स. १८९६ त पुन्हां राजीनाम्यापर्यंत पाळी आली. हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी व चार्ल्स अनियन्स हे एकामागून एक जोडीचे संपादक आले, तरी सुमारें निम्मा कोश मरे यांच्याच हाताखालीं झाला. इ. स. १९०८ त त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. ऑक्सफर्डच्या एकाही कॉलेजनें मात्र त्यांना फेलो केलें नाहीं, आणि विश्वविद्यालयाची सन्माननीय पदवी त्यांना मिळाली ती इ. स. १९१४ त, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं. ह्याबद्दल त्यांना खेद झालाच नसेल असें नाहीं. परंतु त्यामुळें एका दिवसाचेंही काम अडलें नाहीं. नित्याच्या कौटुंबिक प्रार्थनेंत व आपल्या मंडळीच्या सेवेंत ते सदैव निष्ठेनें राहिले. हें काम आपणांस ईश्वरानें नेमून दिलें आहे, अशी त्यांची खात्री होती.

ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत कोश पुरा व्हावा, अशी त्यांची आशा होती. ती सफळ झाली नाहीं. 'टी' ह्या अक्षराचें काम चालू असतां ता. २६ जुलै १९१५ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहानें त्यांचा अंत झाला. उरलेलें काम सहकाऱ्यांनीं चालविलें व इ. स. १९२८ च्या एप्रिल महिन्यांत कोश समाप्त झाला. त्यांत चार लाखांहून अधिक शब्द व शब्दरूपें, सुमारें अठरा लाख दाखले आणि पंधरा हजारांहून अधिक पृष्ठें आहेत. कबूल केलें होतें दहा वर्षांचें काम, लागलीं एकूणपन्नास. मरे यांनीं घातलेली रीत मात्र अखेरपर्यंत बदलली नाहीं, आणि आजही त्या कोशाचें काम त्याच रीतीनें चालू आहे.

ह्या चरित्रांतून आमच्या विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? तुम्हांपैकीं कित्येकांच्या घरीं दुसरी बोली बोलली जाते, व शाळेंत ती बोलण्याची तुम्हांला लाज वाटते, हें आम्ही जाणतों. शिंप्याच्या ह्या मुलाला आपल्या खेड्याच्या बोलीची लाज वाटली असती, तर इंग्रजीला हा कोश लाभला नसता. दुसरें असें कीं, नवा शब्द भेटला म्हणजे त्याचा एक अर्थ उजव्या बाजूस लिहून त्याला कोंडून ठेवूं नका. तो ज्या वाक्यांत आला, तें सबंध वाक्य उतरून घ्या. तो पुन्हां भेटेल तेव्हां तेंही वाक्य त्याच्याखालीं लिहा. चारपांच वाक्यें जमलीं कीं अर्थ आपोआप डोळ्यांपुढें येईल, आणि कोशाचें पान तुम्हांला ओळखीच्या माणसासारखें वाटेल. येत्या वर्षीं वहीच्या मधली ती उभी रेघ पुसून टाका, आणि पहिल्या पानावर 'टेक' ह्या शब्दाचींच वाक्यें जमवावयास लागा.

आणि शेवटची गोष्ट. मरे यांनीं पेरलें, पीक दुसऱ्यांनीं घरीं आणलें. आपलें काम आपल्या डोळ्यांदेखत पुरें होईल, असें वचन कोणालाच मिळालेलें नाहीं. आजची चिठ्ठी मात्र आज नीट लिहितां येते. तेवढी नीट लिहावी, योग्य खणांत ठेवावी, आणि पुढचें त्या धन्याच्या हातीं सोंपवावें.